सुट्टी, डोंगर आणि क्राफ्ट बिअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचा आणि खाली आलं की एखादी मन लावून बनवलेली बिअर निवांत प्यायची, हे मी बरीच वर्षं करतोय आणि लोकांचे प्रश्न साधारण तेच तेच येतात. म्हणून उत्तरं एकत्र केलीत. सगळं सलग वाचायची गरज नाही, जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध आहे तिथे नंबर दिलाय.

१. क्राफ्ट बिअर म्हणजे नक्की काय? साध्या बिअरपेक्षा वेगळं काय असतं त्यात?

जगभर चालेल अशी एकच व्याख्या नाही. अमेरिकेतली ब्रुअर्स असोसिएशन म्हणते की वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंतच उत्पादन हवं आणि कंपनीत बाहेरच्या मोठ्या दारू कंपनीचा हिस्सा २५ टक्क्यांपेक्षा कमी हवा. पण ही झाली धंद्याची व्याख्या. ग्लासातला फरक असा की मोठ्या कंपनीला कोट्यवधी लोकांना चालेल अशी चव लागते म्हणून ती कडवटपणा, वास, रंग सगळं मवाळ ठेवते, आणि छोटा ब्रुअर, म्हणजे बिअर बनवणारा, म्हणतो मला हा अमुक हॉप (बिअरला कडवटपणा आणि वास देणारं फूल) आवडला, मी तो भरपूर घालणार. आत्ताची ही लाट अमेरिकेतून सुरू झाली, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात न्यू अल्बियन नावाची छोटी ब्रुअरी निघाली, ती फार टिकली नाही, पण १९८० मध्ये सिएरा नेवाडा ब्रुअरीने पेल एल नावाची बिअर काढली आणि कॅस्केड हॉपचा तो संत्र्याच्या सालीसारखा वास लोकांच्या डोक्यात बसला. या ब्रुअरीचं नावच एका डोंगररांगेवरून आहे, हे मला फार आवडतं.

२. एल आणि लागर यात फरक काय, आणि मला तो कळायलाच हवा का?

कळला तर निवडताना सोपं जातं. फरक यीस्टचा. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंशांना काम करतं आणि काम करता करता फळांसारखे, मसाल्यांसारखे वास तयार करतं. लागरचं यीस्ट थंडीत, ७ ते १३ अंशांना, हळूहळू काम करतं आणि मग बिअर कित्येक आठवडे थंड ठेवतात, त्यामुळे चव स्वच्छ आणि तरतरीत येते. पिल्सनर ही लागरच, १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झेन गावात पहिल्यांदा बनली. आयपीए (भरपूर हॉप्सची, कडवट), स्टाउट (काळी, भाजलेल्या धान्याच्या चवीची), गव्हाची जर्मन वाइझन या सगळ्या एल. रंगावरून काही ठरत नाही, काळी लागर पण असते.

३. लेबलवर एबीव्ही आणि आयबीयू लिहिलेलं असतं, त्यातलं काय बघू?

ट्रेकवाल्या माणसाने आधी एबीव्ही बघावं, म्हणजे अल्कोहोल किती टक्के आहे ते. आयबीयू हा कडवटपणाचा आकडा, पण तो फसवतो, कारण माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा जास्त असला की ६० आयबीयूची स्टाउटसुद्धा ४० आयबीयूच्या कोरड्या पेल एलपेक्षा कमी कडू लागते. तिसरी गोष्ट जी कोणी बघत नाही ती म्हणजे भरल्याची तारीख. हॉप्सचा ताजा वास पहिले दोन-तीन महिने खरा असतो. आठ महिन्यांची आयपीए पिऊन "मला आयपीए आवडत नाही" असं ठरवू नका.

४. एका कॅनमध्ये दारू किती जाते पोटात? "एकच तर घेतली" म्हणजे किती?

हा हिशोब एकदा शिकून घ्या, पुढच्या निम्म्या उत्तरांना तोच लागतो. मिलीलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९, की आले शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम. ३३० मिलीचा ५ टक्क्यांचा कॅन म्हणजे १३ ग्रॅम. ५०० मिलीचा ५ टक्क्यांचा म्हणजे २० ग्रॅम. ५०० मिलीचा ८ टक्क्यांचा डबल आयपीए म्हणजे ३२ ग्रॅम, म्हणजे पहिल्या कॅनच्या जवळजवळ अडीच पट, आणि हातात मात्र "एकच" कॅन. क्राफ्ट बिअरमध्ये गडबड इथेच होते, टक्केवारी ३ पासून १२ पर्यंत कुठेही असू शकते.

शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम साफ करतं. कॉफीने, गार पाण्याच्या आंघोळीने, घाम गाळल्याने हा वेग वाढत नाही.

५. शिखरावर पोचल्यावर एक बिअर उघडली तर काय बिघडतं? फोटोही छान येतो.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर बदललेलं नाही: वर नको, खाली.

शिखरावर पोचतो तेव्हा डोंगर अर्धाच झालेला असतो. उतरताना मांड्या भरलेल्या असतात, गुडघे थरथरतात, लक्ष घरी लागलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच घसारा लागतो. थोड्याशा अल्कोहोलनेही तोल आणि पाय टाकायचा अंदाज बिघडतो, त्यातून दमलेल्या आणि रिकाम्या पोटी ते लवकर लागतं. माझा एक मित्र, माझ्यापेक्षा कितीतरी चांगला चालणारा, वर एक कॅन पिऊन निघाला. अर्ध्या तासाने एका साध्या उतारावर, जिथे मुरमाचे बारीक खडे होते, त्याने पाय टाच टेकवून टाकायच्या ऐवजी सपाट टाकला आणि पाय सुटला. घोटा मुरगळला. वरून खाली यायला दोन तास लागतात तिथे आम्हाला साडेपाच तास लागले, दोघांच्या खांद्यावर हात टाकून, शेवटचा तासभर टॉर्चच्या उजेडात. त्या कॅनमुळेच पडला असं कोणी सिद्ध करू शकणार नाही, पण त्या दिवसानंतर आमच्या ग्रुपमध्ये वर कोणी कॅन उघडत नाही.

वर काहीतरी उघडायचंच असेल तर प्रश्न ११ बघा.

६. मग ट्रेकनंतर कोणती बिअर घ्यावी?

इथे मी मनापासून लिहिणार आहे, कारण दिवसभर चालून आल्यावर जीभ वेगळी असते. घाम गेलेला असतो, आंबट आणि खारट हवंहवंसं वाटतं, जड काही नको असतं.

माझी पहिली पसंती गोझे. जर्मनीतल्या गोस्लार गावाच्या नावाची, पुढे लाइपझिगमध्ये रुजलेली गव्हाची आंबटसर बिअर, तिच्यात मीठ आणि धणे घालतात, अल्कोहोल साधारण ४ ते ५ टक्के. पहिला घोट घेतल्यावर तोंडाला पाणी सुटतं. तशीच बर्लिनर वाइस, ती तर ३ टक्क्यांच्या आसपास असते. कडवट आवडत असेल तर सेशन आयपीए, म्हणजे हॉप्सचा पूर्ण वास पण अल्कोहोल ४-५ टक्क्यांच्या आत. इम्पीरियल स्टाउट वगैरे ९-१० टक्क्यांच्या बिअर रात्रीसाठी ठेवा, जेवण झाल्यावर, छोट्या ग्लासात, दोघांत एक.

आणि गव्हाची वाइझन. ही ओतायची पद्धत आहे. उंच ग्लास पाण्याने विसळून घ्यायचा, तसाच ओला ठेवायचा, तिरका धरायचा, बाटली हळूहळू ओतायची, थोडी शिल्लक ठेवायची, मग उरलेली बाटलीतच गोल फिरवून तळाचं यीस्ट उठवायचं आणि वरून सोडायचं. बिअर गढूळ सोनेरी होते, फेस ग्लासाच्या वर टोपीसारखा उभा राहतो आणि नाक जवळ नेलं की पिकलेलं केळं आणि लवंग. यात केळं नाही आणि लवंगही नाही, दोन्ही वास यीस्टने बनवलेले. बूट काढून, पाय मोकळे सोडून हा वास घेतला की दिवस वसूल.

७. बिअरने पाण्याची कमतरता भरून निघते असं ऐकलंय, खरं का?

अर्धंमुर्धं. अल्कोहोल शरीरातलं पाणी धरून ठेवणारं हार्मोन दाबतं, म्हणून लघवी जास्त होते, ढोबळमानाने एका ग्रॅम अल्कोहोलमागे १० मिली जादा. म्हणजे ५०० मिलीच्या ५ टक्केवाल्या कॅनमधलं २०० मिली असंच गेलं. शरीर आधीच कोरडं असेल तर हा परिणाम कमी होतो, आणि २ टक्क्यांपर्यंतच्या पेयाने फारसा फरक पडत नाही असं दिसलंय, पण ४ टक्क्यांपासून भरपाई रेंगाळते. दुसरं म्हणजे घामातून मीठ जातं आणि बिअरमध्ये सोडियम जवळपास नसतंच (गोझे सोडून, आणि तिच्यातलंही पुरेसं नसतं).

त्यामुळे क्रम असा ठेवा: खाली आल्यावर आधी किमान अर्धा ते पाऊण लिटर पाणी, सोबत काहीतरी खारट, पोटात थोडं अन्न, लघवीचा रंग फिका झाला की मग बिअर. तहान भागवायला बिअर प्यायली की ती गटागट जाते आणि चव कळतच नाही, ज्या चवीसाठी एवढा खटाटोप केला तीच हुकते.

८. थंडीत वर कॅम्प असेल तर बिअरने अंग गरम राहतं ना?

नाही, आणि हा समज धोकादायक आहे. अल्कोहोलने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं म्हणून ऊब वाटते, पण तीच उष्णता बाहेर निघून जाते आणि आतलं तापमान उतरतं. थंडी वाजून अंग थरथरायचं काम असतं तेही मंदावतं. आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. दिवसभर चालून शरीरातला साखरेचा साठा संपत आलेला असतो, तेव्हा लिव्हरने नवीन साखर बनवायची असते, पण अल्कोहोल आलं की लिव्हर आधी त्याच्या मागे लागतं. साखर उतरली की माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो, आणि सोबतच्यांना वाटतं याला चढलीये. उंचीवर साधारण दर १,००० मीटरला तापमान साडेसहा अंशांनी कमी होतं, वरून वारा, त्यामुळे असा माणूस दिसला तर चढलीये म्हणून सोडून देऊ नका, कोरडे कपडे घाला, आडोशाला न्या, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड खायला द्या, आणि सुधारत नसेल तर मदत बोलवा.

९. उंचावर बिअर जास्त चढते का?

रक्तातलं अल्कोहोल उंचीमुळे वाढत नाही. पण हवा विरळ असल्यामुळे आधीच डोकं जड, धाप लागलेली, झोप तुटक, त्यावर बिअर आली की दोन्ही मिळून जास्त वाटतं. खरी काळजी श्वासाची आहे. उंचीवर शरीर जास्त श्वास घेऊन ऑक्सिजनची कमी भरून काढतं, आणि अल्कोहोल नेमका तोच जास्तीचा श्वास मंदावतं, ३,००० मीटरवर लिटरभर बिअरसुद्धा पुरते. शिवाय हँगओव्हर आणि उंचीचा त्रास यांची लक्षणं सारखीच, डोकेदुखी, मळमळ, थकवा, मग कशामुळे होतंय हेच कळत नाही आणि खाली उतरायचा निर्णय लांबतो. २,५०० मीटरच्या वर नवीन उंचीवर झोपणार असाल तर पहिले दोन दिवस अजिबात नको.

१०. आदल्या रात्री प्यायलो आणि पहाटे ट्रेक असेल तर?

प्रश्न ४ चा हिशोब काढा. समजा रात्री ८ ते ११ मध्ये ७ टक्क्यांचे ५०० मिलीचे तीन कॅन झाले. ते झाले ८३ ग्रॅम. साफ व्हायला ८ ते १२ तास, म्हणजे ८ पासून मोजले तरी पहाटे ४ ते सकाळी ८. पाचला चालायला लागलात तर बऱ्याच जणांच्या रक्तात अजून दारू असते, आणि डोंगरापर्यंत गाडी चालवून आलात ती त्याच अवस्थेत. त्यात झोप खराब झालेली, कारण अल्कोहोलने झोप लवकर लागते पण रात्रीचा दुसरा अर्धा तुटक जातो. आदल्या रात्री नकोच असं माझं मत. फारच झालं तर एक हलकी, जेवणासोबत, लवकर.

११. अल्कोहोल-फ्री बिअर आणि राडलर यांना काही अर्थ आहे का?

आहे, आणि मी दोन्ही आनंदाने पितो. अल्कोहोल-फ्री म्हणून विकली जाणारी बिअर पुष्कळ देशांत ०.५ टक्क्यांपर्यंत असू शकते, म्हणजे ३३० मिलीत जेमतेम १.३ ग्रॅम. पूर्ण शून्य हवं असेल तर लेबलवर ०.० लिहिलेलं बघा. पूर्वी या बिअर उकडलेल्या धान्यासारख्या लागायच्या, आता ब्रुअर्स हॉप्स नीट वापरतात आणि चांगल्या मिळतात. राडलर म्हणजे बिअर आणि लिंबाचं गोड पेय साधारण निम्मं निम्मं, जर्मनमध्ये त्या शब्दाचा अर्थच सायकलस्वार, अल्कोहोल २-२.५ टक्के. शिखरावर फोटोसाठी कॅन हवाच असेल तर ०.० वाला न्या, उतारावर तुमचे पाय तुमचेच राहतात.

१२. सॅकमध्ये कॅन न्यावा की बाटली? आणि गार कसा ठेवायचा?

कॅन. हलका, फुटत नाही, आणि आत प्रकाश जात नाही. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की एक गंधकाचा वासट पदार्थ तयार होतो. स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्यासारखा वास येतो म्हणून इंग्रजीत त्याच नावाने ओळखतात. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीत हे भर उन्हात काही मिनिटांतही होतं, तपकिरी काच बरंच अडवते.

उष्णताही वाईट. बंद गाडीत दिवसभर तापलेली बिअर पुन्हा गार केली तरी ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. गाडीत ठेवायची तर बर्फाच्या पेटीत, सीटखाली, सावलीत. पायथ्याला ओढा असेल तर कॅन पिशवीत घालून पिशवी दगडाला बांधा आणि पाण्यात सोडा, पाणी हवेपेक्षा कितीतरी लवकर गार करतं. बांधायचं विसरू नका, प्रवाह कॅन घेऊन जातो. ओढा नसेल तर ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात ठेवा, थोडाफार फरक पडतो. फार बर्फगार करायची गरज पण नाही. लागर ४ ते ७ अंश, आयपीए ७ ते १०, स्टाउट १० ते १३. जास्त गार केली की वास मरतो.

१३. सॅकमध्ये हलून हलून कॅन फसफसतो, वर टिचक्या मारल्या की थांबतो का?

नाही थांबत. डेन्मार्कच्या संशोधकांनी हजारेक कॅन हलवून बघितलं, टिचक्यांनी फेस कमी होत नाही. उपाय एकच, थांबा आणि गार करा. गार द्रवात वायू जास्त विरघळून राहतो. उंचावर फेस जास्त येतो त्याचं कारण वेगळं, ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो, त्यामुळे उघडताच वायू जोरात सुटतो.

१४. आम्ही खाली किती वाजता पोचू हे आधी कसं ठरवायचं? उशीर झाला की सगळंच बिघडतं.

स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ चा नियम अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १० किलोमीटर आणि ९०० मीटर चढाई असेल तर २ आणि दीड, साडेतीन तास. पण यात विश्रांती नाही, फोटो नाहीत, घसाऱ्याचा उतार नाही, आणि नेस्मिथ तगडे चालणारे होते. मी त्यात अर्धा वेळ अजून मिळवतो, मोठा ग्रुप असला तर त्याहून जास्त. ग्रुपचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा धरायचा. हे गणित जमलं की खाली उजेडात पोचता, आणि बिअर घाईघाईत प्यावी लागत नाही.

१५. खाली आल्यावर एक घेतली आणि दोन तास थांबलो तर गाडी चालवू का?

जो गाडी चालवणार तो पिणार नाही, एवढाच नियम ठेवा, तासांचं गणित पार्किंगमध्ये उभं राहून करू नका. तरी गणित बघा: ६.५ टक्क्यांचे ५०० मिलीचे दोन कॅन म्हणजे ५१ ग्रॅम, पाच ते सात तास. कायद्याची मर्यादा प्रत्येक देशात वेगळी, काही ठिकाणी शून्य. आणि दिवसभर चालून आलेला माणूस न पिताही स्टिअरिंगवर पेंगतो. आमच्यात ड्रायव्हर पाळीपाळीने ठरतो आणि त्याच्यासाठी एक चांगली बिअर घरी न्यायला बाजूला ठेवली जाते, त्याला आवडते तीच, उरलेली नाही.

१६. अंग खूप दुखतंय, पेनकिलर घेतली तर वर बिअर चालेल का?

नको. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोटाच्या अस्तराला त्रास होतो, अल्कोहोलने तो वाढतो, आणि घाम जाऊन पाणी कमी झालेलं असेल तर किडनीवरही ताण येतो. पॅरासिटामॉल आणि दारू दोन्ही लिव्हरच्या अंगावर. दोन्हीपैकी एक निवडायचं असेल तर गोळी घ्या आणि बिअर पुढच्या आठवड्यात. रोजची इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, इथलं उत्तर त्याला पुरणार नाही.

बिअरने स्नायू भरून यायला मदत होते असंही विचारतात. होत नाही. २०१४ च्या एका अभ्यासात व्यायामानंतर वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल दिलं तेव्हा सोबत प्रोटीन देऊनही स्नायूंची बांधणी २४ टक्क्यांनी कमी झाली. ७० किलोच्या माणसाला ते ३३० मिलीचे ५ टक्केवाले आठ कॅन होतात, म्हणजे भरपूर. एका ग्लासाने एवढं होईल असं म्हणत नाही.

१७. थोडी बिअर तब्येतीला चांगली असते ना?

मी असं कोणाला सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की पूर्ण सुरक्षित असं दारूचं प्रमाण नाही. तब्येतीसाठी डोंगर आहे. बिअर चवीसाठी आहे, म्हणून कमी आणि चांगली. गरोदर असाल, वय बसत नसेल, कधी दारू सोडायला कष्ट घेतले असतील, तर हा भाग सोडून द्या, ट्रेकमध्ये काही कमी होत नाही.

१८. ग्रुपमध्ये निम्मे पितात, निम्मे नाही. न पिणाऱ्यांना कंटाळा येतो, काय करायचं?

पिणाऱ्यांनी वेळ ठरवून घ्यायची, आमच्यात खाली पोचल्यापासून तासभर, त्यात एकच राउंड. न पिणाऱ्यांसाठी प्रश्न ११ मधलं काहीतरी किंवा त्यांना जे आवडतं ते तेवढ्याच काळजीने गार करून आणायचं, त्यांना कोमट पाण्याची बाटली देऊन आपण बर्फातला कॅन उघडायचा हे बरं दिसत नाही. "घे रे एक, काय होतंय" हे वाक्य बंद. आणि रिकामे कॅन चुरगळून ज्याने प्यायले त्यानेच आपल्या सॅकमध्ये टाकायचे, रिकामा कॅन १३-१४ ग्रॅमचा असतो, भरलेला वाहून आणता आला तर रिकामा नेता येतो.

१९. दोन दिवसांचा ट्रेक आहे, रात्री मधल्या मुक्कामाला प्यायली तर ती "खाली आल्यावर" धरायची का?

मुक्काम कुठे आहे त्यावर. खोलीत, छप्पर आणि पलंग असलेल्या जागी, २,५०० मीटरच्या खाली, आणि दुसऱ्या दिवशी सोपी वाट असेल तर जेवणासोबत एक हलकी चालेल. उघड्यावर तंबू असेल आणि रात्री उठून कड्याजवळून लघवीला जावं लागणार असेल तर नाही, बिअरने उठावं तर लागणारच (प्रश्न ७). थंडी असेल तर प्रश्न ८, उंची असेल तर प्रश्न ९. आणि दुसऱ्या दिवशी दोर लावायचा टप्पा, अरुंद धार किंवा लांब घसारा असेल तर कितीही खाली असलात तरी तो ट्रेक अजून संपलेला नाही असंच मी धरतो, कॅन गाडीतल्या बर्फात राहतो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडतो.